वरचे दहा रुपये

३ मार्च

मॉर्निंग ड्यूटी. सुटायला उशीर. जेवायला बसते तोच अकोल्याहून नणंदबाईंचा, ताईंचा फोन. जन्मभर टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. फोन त्यांनीच लावलेला असला तरी पहिला शब्द "बोला."

"बोला. लाइट बिल भरलं म्हून पावती पाठवली तू. त्याच्यात खाली सुविधा शुल्क काय लिहून हाय?"

म्हटलं, ताई, कार्डावरून भरलं की लावतात थोडं.

"सुविधा कोनाची? मी तर घरीच बसून हाओ. कोनी पानी बी इचारलं नाई मले."

मी हसले. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून माहं बिल मीच भरीन. विजू होता तवा गोष्ट अलग होती."

फोन ठेवला. वरण गार झालेलं.


५ मार्च

"विजू होता तवा गोष्ट अलग होती." सलाईन लावतानाही तेच डोक्यात.

वि. बहिणीचं बिल इथून अमरावतीहूनच भरायचे. ते गेल्यावर मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या फोनमध्ये ताईंचा ग्राहक क्रमांक होता, तो उतरवून घेतला आणि भरत आले, आता दोन वर्षं होतील. मी पावती पाठवायची, मग ताईंचा फोन. युनिट कसे वाढले, मीटर पळून राहिलं, मग भाजी काय केली, पल्लवीचं लग्न कधी करतं. महिन्याचं आमचं बोलणं ते एवढंच. इस्टेट नाही, शेती नाही, भांडायलासुद्धा काही नाही. बिलही गेलं तर नणंद-भावजयीने एकमेकींना फोन करायचा तो कशासाठी?

भाऊ नाही म्हणून भावजयीचे उपकार नकोत, असं असेल का त्यांच्या मनात? विचारणार नाही. विचारलं आणि "हाव" म्हणाल्या तर...


११ मार्च

प.चा पुण्याहून फोन. तिला आत्याचं सगळं सांगितलं. पोरगी हसून हसून बेजार. "आई, क्रेडिट कार्डाने कोण भरतं बिल? यूपीआयने भर ना, एक रुपया जास्त लागत नाही." मला काय माहीत? तिच्या बाबांनी कार्ड जोडून ठेवलं होतं, मी तेच बटण दाबत आले. मग तिने शिकवणी घेतली. बँकेतून थेट दिलं तर काही नाही, कार्डाला टक्के, अमुक ॲपवर वरून 'प्लॅटफॉर्म फी'. म्हटलं, कोणता प्लॅटफॉर्म? बडनेरा स्टेशनचा?

आता बघायची सवयच लागली. मोबाइल रिचार्जवर वरून. औषधाच्या दुकानात कार्ड काढलं की मालक म्हणतो, "सिस्टर, कॅश नाही का?" सिलिंडरवाला जिन्याचे वेगळे मागतो. तो निदान घाम तरी पुसतो बिचारा.

ताईंना फोन करून सांगितलं, शुल्क न लागता भरता येतं म्हणे. "ते तुह्या जवळच ठेव. बिल माहं, लाइट माही, पैसा माहा." मग लगेच, "गुडघा कसा हाय तुहा?"


२९ मार्च

ताईंचं भांडण झालं.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी प्रमोदचं दुकान आहे. झेरॉक्स, रिचार्ज, लाइट बिल. बाहेर पाटी, 'अधिकृत वीजबिल भरणा केंद्र'. ताईंनी बिल दिलं, मोजून पैसे दिले. तो म्हणाला, मावशी, वरचे दहा. कशाचे? सगळेच देतात. ताई म्हणाल्या, देते, पण दहाची पावती दे. तो म्हणे पावती नसते त्याची.

"पावती नाई तर पैसा नाई," म्हणून ताईंनी बिल आणि पैसे दोन्ही उचलले आणि घरी आल्या.

मी म्हटलं, कंपनीच्या ऑफिसात काउंटर आहे ना, तिथे जास्त घेत नाहीत.

"पुलापलीकडं हाय ते. रिक्षावाला जायचे-यायचे शंभर घेते."

म्हणजे दहा वाचवायला शंभर.

"रिक्षावाल्याले देईन शंभर, तो मले बसवून नेते. याले काहून देऊ?"

पण रिक्षाही केली नाही. म्हणे, माझं केंद्र हेच आहे, मी इथेच भरीन, आणि बरोबर भरीन.

मुदत उद्याची. म्हटलं, ताई, मी भरू का? "भरशील तर बोलनार नाई तुह्याशी." वर हेही सांगितलं की कुरडया घातल्यात, उन्हं चांगली आहेत.


१४ एप्रिल

जयंती. सकाळी ड्यूटी, दुपारी पांढरी साडी नेसून विहारात गेले, वंदना झाली. खीर वाटपाला उभी होते. दरवर्षी ताई येतात, दोन दिवस राहतात, आम्ही संध्याकाळी मिरवणूक बघायला जातो. वि. गेल्यावरही दोनदा आल्या. यंदा नाही.

सकाळी फोन केला तर म्हणाल्या, "जय भीम. नाई जमत व. नवं बिल आलं, त्याच्यात मागचं बी लावलं आन् दंड बी. रोज जाऊन राहिली मी दुकानात."

रोज?

"हाव. रोज जातो, बिल देतो, तो दहा मागते, मी पावती मांगतो, आन् वापस येतो. आता तो मले पाहूनच झेरॉक्सच्या मशीनमागं जाते."

मिरवणूक एकटीने गच्चीवरून पाहिली. ढोल चांगले होते.


२ मे

ताईंच्या दाराला नोटीस. पंधरा दिवसांत भरा नाहीतर लाइट कापू. प. चिडली, "आई, मी इथून भरून टाकते, आत्याला कळणारही नाही." म्हटलं, कळेल. पुढच्या खेपेला दुकानात गेल्या की तो सगळ्यांसमोर सांगेल, मावशी तुमचं तर भरलेलं आहे. महिनाभर भांडल्या त्या, त्यांना असं तोंडावर पाडायचं?

प. म्हणाली, "दहा रुपयांसाठी?"

मलाही आधी तसंच वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, आणि का ते तिला सांगता येईना. ग्राहक क्रमांक टाकला, रक्कम आली, हिरवं बटण आलं. पाहत बसले. मग फोन पालथा ठेवून कपडे वाळत घालायला गेले.


२३ मे

कापली.

आज दुपारी. ताईंनी स्वतः कळवलं नाही, शेजारच्या इंगळेवहिनींचा फोन आला. "सिस्टर, तुमी या बापा. एवढ्या उन्हात म्हातारी बिना कूलरची बसून हाय, आमच्याकडं येत नाई. म्हनते, मी बरी हाओ."

मेट्रनकडून रजा घेतली. पहाटेची एस.टी.


२४ मे

मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये वारा बरा होता, पुढे नुसती झळ. ताईंच्या घरी पोचले तर दाराला ओलं पातळ टांगलेलं, आत ताई फरशीवर चटई टाकून, हातात पुठ्ठा. मला पाहून उठल्यासुद्धा नाहीत.

"काहून आली?"

म्हटलं, कुरडया न्यायला आले.

मग उठल्या. माठातलं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. नाडी पाहिली मी त्यांची, न विचारता. हात ओढून घेतला नाही. बीपी जास्त होतं. गोळ्या विचारल्या तर म्हणाल्या, घेते, चहासोबत.

दुपारभर दोघी फरशीवर. एक जण वारा घालायची, एक जण झोपायची, मग उलट. मध्येच कैऱ्या उकडून पन्हं केलं. ताई म्हणाल्या, विजू लहान असताना असाच वारा घालायची मी, हात थांबला की रडे.

तेव्हा विचारून टाकलं. म्हटलं, ताई, विजू होता तेव्हा गोष्ट वेगळी होती म्हणालात, म्हणजे काय?

ताई पुठ्ठा हलवतच म्हणाल्या, "तो पुरुषासारखा पुरुष, पगार होता. तू एकटी पोरीच्या शिक्षनाचं कर्ज फेडून राहिली. तुह्या पगारातून माहं बिल जाते, ते जाते, त्याच्यावर कोना उपटसुंभाचं शुल्क बी जाते. मले शरम वाटे. आनखीन काय?"

एवढंच होतं. आणि मी तीन महिने काय काय रचत बसले.


२५ मे

सकाळी दोघी दुकानात गेलो. मी फक्त सोबत, असं ठरलं होतं. रांगेत पाच-सहा जण.

प्रमोद चाळिशीचा, घामाघूम, त्याच्याही डोक्यावरचा पंखा नावालाच फिरणारा. ताईंना पाहून म्हणाला, "मावशी, कटली ना शेवटी? दहा रुपयाच्या पायी?"

ताईंनी बिल ठेवलं, पैसे ठेवले. "पावती देशील तर दहा बी देतो."

मागचा एक माणूस म्हणाला, "बाई, देऊन टाका, आमाले कामावर जायचं हाय." दुसरा म्हणाला, "नाई देत तर नाई देत, बरोबर बोलून राहिल्या त्या." तिथेच दोन पार्ट्या झाल्या.

मी म्हटलं, भाऊ, पाटीवर कुठे लिहिलंय का दहा रुपये?

"तुमी कोन?"

मी यांची भावजय, अमरावतीहून आले.

"मंग काय? भाऊ तर यांचे वारले."

ताई काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ गेला. भावजय गेली का?"

मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघता आलं नाही, मी बाहेरची पाटी वाचत राहिले.

मग प्रमोद खरं बोलला. आवाज खाली आला त्याचा. कंपनी एका बिलामागे देते ते चहालाही पुरत नाही. गोळा झालेली कॅश बँकेत भरायला जावं तर बँक नोटा मोजायचे कापते. भाडं आहे, पोरगी दहावीला आहे. "मी कोठून आनू, मावशी?"

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग तसं सांग ना. पाटी लाव, दहा रुपये लिही, पावती दे. मी रोज देईन, खुशीनं देईन."

"लिहिलं तर केंद्रच बंद करतीन ते."

ताईंनी पैसे पुढे सरकवले.

बिल घेतलं त्याने. वरचे घेतले नाहीत. पावती देताना म्हणाला, आता जोडायचे वेगळे लागतील, ते ऑफिसात. आकडा ऐकून मीच हादरले, दहाच्या किती पटीत. ताई रिक्षात बसून मला म्हणतात, "लागू दे. त्याची पावती भेटते."


२६ मे

संध्याकाळी लाइट आली. कूलरमध्ये पाणी ओतलं, दोघी त्याच्यासमोर बसून गव्हाच्या शेवयांसारखे सरगुंडे आणि आमरस. ताईंनी माझ्या वाटीत तूप इतकं ओतलं की रस दिसेना. उद्या पहाटे निघायचं. कुरडयांचा डबा बांधून तयार.


९ जून

वाईट झालं.

त्या दिवशी रांगेतल्या कोणीतरी मोबाइलवर सगळं घेतलं होतं. ते फिरत फिरत कंपनीच्या साहेबापर्यंत गेलं. चौकशी, आणि प्रमोदचं बिल घेणं बंद. पाटी उतरवली. झेरॉक्स चालू आहे.

ताईंनी तक्रार केली नव्हती. पण गल्लीला ते कोण सांगणार? आता सगळ्यांना पुलापलीकडे जावं लागतं. इंगळेवहिनींनी ताईंना तोंडावर सुनावलं, "तुमच्या पावतीपायी आमाले शंभराची रिक्षा." नळावर बायका बोलेनाशा झाल्या.

ताईंचा आवाज कधी इतका बारीक ऐकला नव्हता. "बोला"सुद्धा म्हणाल्या नाहीत. "छाया, मी चुकली का व?"

म्हटलं, नाही चुकलात. पण चूक नसली तरी व्हायचं ते होतं ना...

"दुकानात गेली होती मी. तो म्हने, आता खुश ना मावशी? दोन झेरॉक्स काढल्या आन् आली. कागद कशाचे होते तेबी पाह्यलं नाई."


२१ जून

ताई अमरावतीत! न कळवता आल्या. पिशवीतून आंब्याचं लोणचं, आणि नवाकोरा मोबाइल, पेन्शनमधून घेतलेला. "तो तुह्या हिरव्या बटनाचा प्रकार शिकव मले. बिना शुल्काचा."

बँकेत नंबर जोडून आणला, प.ने पुण्याहून व्हिडिओवर अर्धं शिकवलं, मी अर्धं. ताई एकेक अक्षर मोठ्याने वाचतात. पिन टाकताना मला म्हणतात, तिकडं पाह्य. मग टाकून झाल्यावर स्वतःच सांगतात काय टाकला. पहिलं बिल माझं भरलं, सरावाला. मी नको म्हटलं. "काहून? दोन वर्ष तू भरलं. गप बस."

शुल्काच्या रकान्यात शून्य. चष्मा काढून, पुसून, पुन्हा पाहिलं त्यांनी.


६ जुलै

अकोल्याला परतल्यापासून ताई गल्लीची बिलं भरतात. आधी इंगळेवहिनी आल्या, अबोला सोडून, सासूच्या दवाखान्यामुळे पुलापलीकडे जाणं जमेना म्हणून. रोख ताईंच्या हातात, बिल ताईंच्या फोनवरून. मग आणखी दोघी-तिघी.

आज फोन, आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत.

"बोला. इंगळेबाईनं बिलाच्या पैशावर दहाची नोट ठेवली. म्हने, च्याचे. आता काय करू सांग? घेतली तर मी आन् तो प्रमोद सारखेच. नाई घेतली तर बाई उद्या लाजीनं येनार नाई."

हसू दाबत होते. मग काय केलं तुम्ही?

"पावती देल्ली. वहीचा कागद फाडला, बिल भरन्याबद्दल रुपये दहा मिळाले, सही, तारीख. ते हसत हसत गेली, कागद इथंच टाकून."

नोट कुठे आहे मग?

"प्रमोदकडं देऊन आली. म्हटलं तुह्या धंद्याचे हायेत. तो घेईना, मी ठेवून आली." मग, "त्याच्यासोबत ऑफिसात जायचं म्हनतो. लिहून मागू. हक्काचे जे काय असतीन ते कागदावर द्या त्याले. येतो का म्हटलं तर पाहू म्हने."

लिहून देतील असं मला वाटत नाही. ताईंना सांगितलं नाही.


२० जुलै

ताईंचा फोन. पाऊस. प्रमोद ऑफिसात गेला म्हणे ताईंसोबत, दोघांनी अर्ज दिला. साहेब म्हणाले वर पाठवतो. वर म्हणजे कुठे, ते कोणाला माहीत नाही. प्रमोद येताना ताईंना स्कूटरवर घेऊन आला, तेवढं झालं.

मग ताईंनी विषय बदलला.

"तू रिटायर कवा होतं व?"

म्हटलं, पुढच्या वर्षी.

"मंग?"

मग काय, इथेच.

"बिल पाह्यलं का कधी नीट? वीज वापरली नाई तरी स्थिर आकार लागते. माहं युनिट कमी, आकार तेवढाच. तुहं बी तसंच असन. दोघी दोन घरात एकेक पंखा लावून बसतो आन् दोन मीटरचा आकार भरून राहिलो. हे काय शहानपन हाय?"

दोन वर्षं सगळे म्हणतायत ताईंना अमरावतीला आणा. मी म्हटलं, मग या ना इकडे.

"मी नाई येत. माह्याकडं गल्लीचे बिलं हायेत. तू ये. मागची खोली झाडून ठेवली मी."

हे घर वि.ने बांधलेलं. इथला वॉर्ड, इथलं विहार, प. आली की तिची खोली. आणि तिकडे ताई, एकसष्टी कधीच उलटलेल्या, जिना चढताना आता थांबतात. म्हटलं, ताई, विचार करते.

"कर. घाई नाई."

फोन ठेवून चहा टाकला. माझं बिल काढून पाहिलं, खरंच, वापराच्या मानाने आकारच मोठा.

ती मागची खोली पश्चिमेची आहे. मे महिन्यात भट्टी. तिथे कूलर लागेल, हे ताईंना आधीच सांगून टाकलं पाहिजे.